ट्रेनिंगला पाठवलेली फार्मसीची मुलं हॉस्पिटलच्या गेटवरून परत येतात तेव्हा काय काय तपासायचं

सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात डी. फार्म.च्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या, मुलांचं हॉस्पिटल ट्रेनिंग लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. दरवर्षी निकाल लागला की तोच गोंधळ नव्यानं सुरू होतो आणि दरवर्षी त्याच चार-पाच जागी तो अडकलेला सापडतो. यंदा साताऱ्याकडच्या दोन-तीन कॉलेजांतल्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं की सर तुम्ही हे कसं मार्गी लावता, तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. हे मुख्यतः डी. फार्म.च्या ५०० तासांच्या ट्रेनिंगबद्दल आहे, बी. फार्म. आणि फार्म. डी.चं शेवटी थोडक्यात सांगतो.

आधी लक्षणं बघा, तुमच्याकडं यातलं काय चालू आहे ते ओळखा.

- पहिल्याच दिवशी मुलं गेटवरून नाहीतर औषध खिडकीवरून परत येतात, "आम्हाला काही माहीत नाही, तुमचं पत्र आलेलं नाही" असं ऐकून.
- मुलं आत जातात पण तीन आठवडे नुसती खोकी मोजतात, झेरॉक्स आणतात, स्टूलवर बसून राहतात, औषध द्यायच्या खिडकीजवळ कोणी उभंच करत नाही.
- तीन महिने पूर्ण झाले, मूल खूश, आणि तास मोजले तर तीनशेच्या आसपास.
- सगळ्यांना मिरजच पाहिजे, तालुक्याच्या ठिकाणी जायला कोणी तयार नाही.
- महिन्याभरात एक-दोन मुलं येणंच बंद करतात, घरी विचारलं तर "जातोय की" म्हणतात.
- शेवटी फॉर्मवर सही आहे पण शिक्का नाही, नाहीतर सही करणाऱ्याचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, आणि मुलाचं राज्य फार्मसी कौन्सिलकडचं फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन अडकून पडतं.

आता तपासणी. सोप्यापासून सुरू करतोय, पहिल्या दोन-तीन गोष्टींना एक पैसा लागत नाही आणि निम्मे प्रॉब्लेम तिथंच सुटतात.

पत्र कुणाच्या नावे गेलंय

पहिलं हेच बघा, कारण चुकीच्या माणसाला गेलेलं पत्र नाकारलं जात नाही, ते नुसतं पडून राहतं, आणि आपण इकडं समजून चालतो की परवानगी येईलच. सरकारी दवाखाना म्हटला की आपण डोळे झाकून जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे पत्र टाकतो, तसं चालत नाही. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय असेल तर तिथले वैद्यकीय अधीक्षक, आणि वर जिल्हा शल्य चिकित्सक. प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर ते जिल्हा परिषदेकडं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. आणि मेडिकल कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल असेल तर अधिष्ठाता. सांगलीचं सिव्हिल, म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, हे मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तेव्हा सांगलीत मुलं पाठवायची तरी विचारणा मिरजेच्या अधिष्ठात्यांच्या नावे करायची असते, हे नवीन माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. साताऱ्यात २०२१ पासून मेडिकल कॉलेज सुरू झालंय, तिथंही जुन्या फाईलमधला पत्ता तसाच उचलून टाकू नका, आधी ऑफिसला फोन करून विचारा की पत्र कुणाच्या नावे द्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

पत्र शक्यतो हातानं नेऊन द्या. आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेऊनच परत फिरा. मेल केला म्हणजे पोचला असं धरू नका. मी पोच घेतलेली प्रत पारदर्शक पिशवीत घालून पहिल्या दिवशी मुलांच्या हातात देतो, गेटवर वॉचमननं अडवलं की तो कागद पुढं करायचा, आवक नंबर दिसला की बोलण्याचा सूरच बदलतो.

कागदावरची नावं आणि शिक्के

हे सुद्धा फुकटचं काम, फक्त एक दुपार बसावं लागतं. मुलाचं नाव मार्कशीटवर जसं आहे अगदी तसंच ट्रेनिंगच्या फॉर्मवर पाहिजे. वडिलांचं नाव आधी, आडनाव नंतर, मधेच "भाऊसाहेब"चं "भाऊसो" झालं, लग्न झालेल्या मुलीचं आडनाव बदललं, या सगळ्यावरून पुढं प्रतिज्ञापत्रं करत बसायची वेळ येते. फॉर्मच्या तीन प्रती करायच्या आणि तिन्ही एकाच वेळी भरायच्या, नंतर भरू म्हटलं की एका प्रतीत ट्रेनिंग सुरू झाल्याची तारीख १ आणि दुसरीत ३ पडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या फार्मासिस्टच्या हाताखाली मूल शिकणार त्याचं रजिस्ट्रेशन चालू आहे का, रिन्युअल झालंय का. हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो, समोरचा वयानं मोठा असतो, "साहेब तुमचं सर्टिफिकेट दाखवा" कसं म्हणायचं. मी सरळ सांगतो की फॉर्ममध्ये तुमचा नंबर लिहायचाय, एक झेरॉक्स द्या, म्हणजे कुणाला कमीपणा वाटत नाही. खासगी मेडिकल स्टोअर असेल तर लायसन्सची प्रत पण घ्यायची, त्यावरची मुदत वाचायची. हे सुरुवातीलाच बघायचं कारण एवढंच की शेवटी कळलं तर त्या मुलाचे सगळे तास वादात जातात आणि चूक त्याची काहीच नसते.

एका ठिकाणी किती मुलं बसतात

नियमात हिशोब साधा आहे. एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट काम करत असेल तर जास्तीत जास्त दोन मुलं, आणि त्यापुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागं एक. म्हणजे चार फार्मासिस्ट असतील तर पाच मुलं. आठ नाही, पाच. आपण करतो काय, ओळखीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बारा मुलं ढकलतो आणि मग म्हणतो की तिथं शिकवत नाहीत. अहो त्या खिडकीच्या आत जागा किती असते, चार बाय सहाची खोली, रॅक, फ्रिज, कॉम्प्युटर, त्यात बारा मुलं उभी राहिली तर त्या माणसानं रुग्ण बघायचा का मुलं बघायची.

मिरजेचा हट्ट समजू शकतो. सर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातून सुद्धा पेशंट येतात, मोठं काहीतरी बघायला मिळेल असं मुलांना वाटतं. पण माझा अनुभव असा की ग्रामीण रुग्णालयात दोघंच गेलेली मुलं जास्त शिकून येतात, कारण तिथं तिसरा माणूसच नसतो, औषध निर्माण अधिकाऱ्याला यांची खरोखर गरज असते. तेव्हा आधी प्रत्येक ठिकाणच्या फार्मासिस्टांची संख्या लिहून काढा, त्यावरून जागा ठरवा, मग मुलांना वाटा. मुलं मोजून हॉस्पिटल शोधायला निघालो की उलटं होतं सगळं.

तासांचं गणित, हे वहीवर करा, तोंडी नको

नियम सांगतो किमान ५०० तास, किमान तीन महिन्यांत, आणि त्यातले किमान २५० तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवरून औषध देण्याचे. म्हणजे तीन अटी आहेत, एक नाही. लोक तीन महिने एवढंच लक्षात ठेवतात.

आता सरकारी दवाखान्यात मूल फक्त सकाळच्या ओपीडीला गेलं, खिडकीवर चार तास, आठवड्याचे सहा दिवस. झाले २४ तास. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. १३ गुणिले २४ म्हणजे ३१२. म्हणजे मूल एकही दिवस न चुकता गेलं तरी १८८ तास कमी. हे दरवर्षी होतं, आणि मग ऐनवेळी "सर काहीतरी करा" सुरू होतं. दिवसाचे सहा तास धरले तर आठवड्याला ३६, आणि ५०० ला १४ आठवडे लागतात, ते पण सुट्टी न धरता. उलट बाजूनं, कुणी दिवसाला आठ तास करून साडेदहा आठवड्यांत ५०० भरवले तरी चालत नाही, तीन महिने व्हायलाच पाहिजेत.

त्यात आमच्याकडं ट्रेनिंग पावसाळ्यात सुरू होतं. गणपती, पितृपक्षात घरची कामं, दसरा, दिवाळी. आणि कृष्णेचं पाणी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्या आठवड्यात कोण कुठल्या हॉस्पिटलला जाणार. त्यामुळं मी आता सरळ १६ आठवडे धरूनच पत्रात तारखा टाकतो. सहा तासांनी १६ आठवड्यांचे ५७६ होतात, वरचे ७६ तास म्हणजे १२-१३ दिवसांची सवड. लवकर भरले तर चांगलंच, पण मुदत संपली म्हणून परत परवानगी मागायला जावं लागत नाही.

२५० तासांचं वेगळं बघा. १४ आठवडे, सहा दिवस, म्हणजे ८४ दिवस. रोज तीन तास खिडकीवर उभं राहिलं तरच २५० होतात. बाकीचे तीन तास स्टोअर, नोंदी, वॉर्डचे इंडेंट, म्हणजे औषधांची मागणीपत्रं. म्हणून हजेरीच्या कागदावर "आले-गेले" एवढे दोनच रकाने ठेवू नका, तिसरा रकाना "खिडकीवर किती तास" असा पाहिजेच. हा रकाना घातल्यापासून खोकी मोजायला लावण्याची तक्रार आमच्याकडं निम्म्यावर आली, कारण सही करताना फार्मासिस्टलाच दिसतं की आठवडाभर तिथं शून्य लिहिलंय.

खिडकीवरच्या माणसाला कुणी सांगितलंय का

इथं जरा थांबतो, कारण माझ्या मते हाच खरा बिघाड आहे आणि इथंच सगळ्यात कमी लोक बघतात.

परवानगी साहेबांच्या केबिनमध्ये मिळते, मूल जाऊन उभं राहतं औषध खिडकीवर, आणि या दोघांच्या मधे ऑफिस, क्लार्कचं टेबल, आवक रजिस्टर, कधी एखादी रजा असं बरंच काही असतं. वरून होकार आला तरी तो खालपर्यंत पोचतोच असं नाही. एका वर्षी आमची चार मुलं एका दवाखान्यात गेली, हातात रीतसर मंजुरी, आणि तिथल्या फार्मासिस्ट मॅडमना काहीच कल्पना नाही, त्या दिवशी साठ्याची तपासणी होती, त्या म्हणाल्या उद्या या. उद्या गेली तर परत उद्या. चौथ्या दिवशी मी स्वतः गेलो. मॅडम मनानं चांगल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "सर, मला कुणी विचारलंच नाही हो, थेट पोरं दारात." आणि ते खरं होतं. शिकवणार त्या, जबाबदारी त्यांची, चूक झाली तर उत्तर त्यांनी द्यायचं, आणि विचारलं फक्त साहेबांना.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी फार्मासिस्टला भेटायचं, मग पत्र टाकायचं. भेटायची वेळ दुपारी दोननंतरची, सकाळी ओपीडीच्या गर्दीत जाऊन उभं राहू नका. बसून चार गोष्टी विचारायच्या: तुमच्याकडं सध्या माणसं किती, कुठल्या तारखांना तपासणी किंवा साठा मोजणी आहे, मुलांनी कुठल्या दारानं यायचं, आणि पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून कुठलं काम करून घेतलं तर तुमचा भार कमी होईल. हा चौथा प्रश्न विसरू नका. त्या माणसाला आपल्या मुलांचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे, नाहीतर तो का म्हणून वेळ देईल.

आणि तिथं काय शिकता येतं हे मुलांना पण आधी सांगून पाठवा, नाहीतर त्यांना सगळं काम हमालीच वाटतं. स्टोअरमध्ये खोकी लावणं हे सुद्धा काम आहे, पण ज्याची एक्स्पायरी आधी तो पुढं लावायचा हे कुणी सांगितलं तर ते शिकणं होतं. फ्रिजचं तापमान २ ते ८ डिग्रीमध्ये आहे का हे दिवसातून दोनदा लिहिणं, इन्सुलिन फ्रीजरच्या कप्प्याला चिकटवून न ठेवणं, शेड्यूल एच-वनच्या औषधांची वेगळी नोंद ठेवणं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपणं, सरकारी ठिकाणी ई-औषधी या कॉम्प्युटरवरच्या साठ्याच्या नोंदीत आवक-जावक कशी चढवतात, वॉर्डातून आलेल्या इंडेंटवर सिस्टरची सही आहे का बघणं. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल शेजारी का ठेवत नाहीत हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, घाईत हात चुकीच्या खोक्याकडं गेला आणि बाजूच्या माणसानं मनगट धरलं की मग आयुष्यभर लक्षात राहतं.

गेल्या वर्षी शिराळ्याकडच्या एका मुलीला बघायला गेलो होतो, ग्रामीण रुग्णालयात. खिडकीच्या बाहेर एक म्हातारी, हातात घडी पडून मऊ झालेला केसपेपर, आणि ती परत परत विचारतेय, "बाळा, ही धवळी कवा घ्याची म्हनलीस?" मुलीनं दोनदा सांगितलं, सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. म्हातारीनं मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. मग आतल्या फार्मासिस्ट साहेबांनी काही न बोलता कागदी पाकीट घेतलं, पेननं एका पाकिटावर सूर्य काढला, खाली ताट काढलं, दुसऱ्यावर चंद्र काढून खाली ताट, आणि पाकिटं मुलीच्या हातात दिली. मुलीनं म्हातारीच्या बोटानं ते सूर्य-चंद्र दाखवले, "आज्जी, दिवस उगवल्यावर, जेवून, ही. दिवस मावळल्यावर, जेवून, ही. आता तुम्ही सांगा मला." म्हातारीनं बरोबर सांगितलं. पुढच्या पेशंटला त्या मुलीनं न सांगता पाकिटावर सूर्य काढला. हे असलं शिक्षण कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही देऊ शकत नाही, कितीही मनापासून शिकवलं तरी. म्हणून मला खोट्या सह्यांचा एवढा राग येतो, घरी बसून ५०० तासांचा कागद मिळवलेलं मूल उद्या स्वतःच्या दुकानात बसणार आणि अशीच एखादी आज्जी त्याच्यासमोर येणार.

एक गोष्ट मुलांना आणि तिथल्या लोकांना दोघांनाही स्पष्ट सांगा. मूल एकटं खिडकीवर ठेवायचं नाही. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ प्रिस्क्रिप्शनवरचं औषध देण्याचं काम रजिस्टर्ड फार्मासिस्टलाच देतं, शिकाऊ मुलानं ते त्याच्या नजरेखालीच करायचं. "साहेब चहाला गेलेत, तू बघ जरा" असं झालं तर मुलानं काउंटरवर हात ठेवून पेशंटला दोन मिनिटं थांबा म्हणायचं, एवढं बळ त्याच्यात आपण आधीच भरलं पाहिजे.

मूल का येत नाही

मधेच बंद झालेल्या मुलाला आळशी म्हणायच्या आधी त्याचा रस्ता बघा. जतच्या बाजूचा मुलगा मिरजेला टाकला तर पहाटेची एसटी, तिथून पुढं रिक्षा, आणि परत जाताना रात्र. हे १६ आठवडे कोण करेल. मी आता निकालाआधीच एक कागद फिरवतो: गाव, जवळचं स्टँड, पहिली गाडी किती वाजता, घरी कोण आजारी आहे का, मूल कुठं पार्टटाइम काम करतं का. त्यावरून तालुका ठरवतो. विट्याचं मूल विट्याला, कराडजवळचं असेल तर कराडला, जिल्हा बदलला तरी बिघडत नाही. मुलींना शक्यतो जोडीनं पाठवायचं आणि संध्याकाळच्या शिफ्टचं आधी घरच्यांशी बोलून घ्यायचं.

पैशाचं पण विचारा. काही मुलं ट्रेनिंगच्या काळात गावातल्या मेडिकलमध्ये कामाला असतात, घर त्यावर चालतं. त्या मेडिकलचं लायसन्स, फार्मासिस्ट सगळं नियमात बसत असेल तर तिथंच ट्रेनिंग धरता येतं का बघा, नियमात लायसन्सधारक केमिस्टकडचं ट्रेनिंग चालतं. हॉस्पिटलचाच हट्ट धरून मूल गमावण्यापेक्षा हे बरं.

लस, आणि ती वेळेत

याला थोडा खर्च आहे आणि याला वेळ लागतो, म्हणून हे इथं खाली लिहितोय, पण सुरुवात मात्र सगळ्यात आधी करायची. बरीच खासगी हॉस्पिटलं हिपॅटायटिस बी ची लस झाल्याचा कागद मागतात आणि बरोबरच मागतात, वॉर्डात सुया असतात, रक्त असतं. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्यानं, मग सहा महिन्यांनी. म्हणजे निकाल लागल्यावर सुरू केलं तर ट्रेनिंग संपेपर्यंत तिसरा डोस पडत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मधेच सुरू करा. सोबत आयकार्ड, अ‍ॅप्रन, पायात बंद बूट. चपलेवर मुलं पाठवू नका, बाटली फुटते तेव्हा कळतं.

बी. फार्म. आणि फार्म. डी.

बी. फार्म.चं सोपं आहे, सहाव्या सेमिस्टरनंतर आणि सातवं सुरू व्हायच्या आत किमान १५० तास, चार आठवड्यांत पसरलेले, आणि ते कंपनीत, हॉस्पिटलात किंवा मेडिकल दुकानात कुठंही चालतात. इथं अडचण येते ती सगळी कॉलेजं एकाच महिन्यात मुलं पाठवतात त्याची, बाकी काही नाही, तीन महिने आधी जागा धरा.

फार्म. डी. म्हणजे वेगळं प्रकरण. किमान ३०० खाटांचं हॉस्पिटल, त्यांच्याबरोबर लेखी करार, सहाव्या वर्षाची पूर्ण इंटर्नशिप, त्यात सहा महिने जनरल मेडिसिन आणि मग तीन वेगवेगळ्या विभागांत दोन-दोन महिने. हे एकट्या को-ऑर्डिनेटरनं पत्रं लिहून जमवायचं कामच नाही.

इथं हात काढून घ्या

वरचं सगळं आपलं आपण करता येतं. पुढच्या ठिकाणी मात्र स्वतः जुळवाजुळव करत बसू नका.

करार करायचा असेल, त्यात फी, जबाबदारी, नुकसानभरपाई असले मुद्दे आले, की प्राचार्य आणि संस्थेचे वकील. आपण मसुदा वाचून "ठीक वाटतंय" म्हणायचं नाही.

एखादी जागा नियमात बसते का याबद्दल शंका आली, फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन मधेच संपलेलं निघालं, किंवा मुलाचे तास दोन ठिकाणी विभागून गेले, तर राज्य फार्मसी कौन्सिलला कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्या मुलाला तिथं पुढं चालू ठेवू नका. फोनवर कुणीतरी "चालतंय" म्हणालं त्यावर जाऊ नका, तो माणूस बदलून गेला की तुमच्या हातात काही राहत नाही.

सर्टिफिकेटसाठी पैसे मागितले, किंवा न येता सह्या देतो असं कुणी म्हणालं, की मुलानं आणि तुम्ही दोघांनी तिथंच थांबायचं, झालेलं तारखेनिशी लिहून प्राचार्यांकडं द्यायचं आणि त्या ठिकाणच्या बाकी मुलांना सुद्धा दुसरीकडं हलवायचं. एका वर्षी आम्हाला सात मुलं हलवावी लागली, दोन महिने उशीर झाला, पालक चिडले, तरीही ते बरोबरच होतं.

मुलीनं किंवा मुलानं तिथं कुणी त्रास दिल्याचं, अंगाला हात लावल्याचं सांगितलं तर "जरा सांभाळून घे, थोडेच दिवस राहिलेत" हे वाक्य तोंडातून येता कामा नये. त्याच दिवशी तिथलं ट्रेनिंग बंद, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार असलेल्या अंतर्गत तक्रार समितीकडं लेखी. चौकशी आपण करायची नाही, ते समितीचं काम. आपण फक्त मुलीसोबत जायचं आणि तिचे तास दुसरीकडं पूर्ण होतील हे तिला त्याच दिवशी सांगायचं, कारण तिच्या डोक्यात वर्ष जाईल हीच भीती असते आणि त्या भीतीनंच मुली गप्प बसतात.

आणि सुई टोचली तर. हे मी प्रत्येक बॅचला उभं करून तोंडपाठ म्हणायला लावतो. जखम दाबायची नाही, पिळायची नाही, तोंडात बोट घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि तडक कॅज्युअल्टीत जायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. एचआयव्हीसाठीचं औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, ते जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांच्या आत मिळालं तर उत्तम, आणि ७२ तास उलटले की त्याचा उपयोग राहत नाही. मूल घाबरून घरी जातं, रात्री आईला सांगतं, आई सकाळी मला फोन करते, आणि तोपर्यंत बारा तास गेलेले असतात, हे माझ्याकडं एकदा घडलंय. सुदैवानं त्या मुलाचे सगळे रिपोर्ट नंतर व्यवस्थित आले. तेव्हापासून प्रत्येकाच्या आयकार्डच्या मागं चिठ्ठी चिकटवलेली असते: त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा नंबर, कॉलेजचा नंबर, माझा नंबर, आणि वर मोठ्या अक्षरात "आधी कॅज्युअल्टी, मग फोन".